पिठाच्या पिंपात बिशपची शिंगं

पिठाच्या पिंपात हरणाची शिंगं लपवली तर एकच अडचण असते. पीठ कधी ना कधी लागतंच. ही साधी गोष्ट बोर्गहिल्डच्या ध्यानात आली ती शुक्रवारी सकाळी, तिची लेक सिग्ने बाह्या सरसावून पिंपाकडे निघाली तेव्हा.

"आई, लेफ्से लाटायला, बटाट्याच्या पोळ्यांना, पीठ घेते गं."

"नको!" बोर्गहिल्ड एवढ्या मोठ्यानं ओरडली, की जावयाच्या, ड्वेनच्या हातातली कॉफी मांडीवर सांडली. "पिठात... किडे झालेत."

"डिसेंबरात? बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठतेय, आणि किडे?"

"थंडीचे किडे आहेत. आपल्या चर्चमधल्या बायका सांगत होत्या. बटाटे नुसते उकडून खा."

सिग्नेनं आईकडे रोखून पाहिलं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून आई जरा विचित्र वागते, हे तिनं मनाशी धरलंच होतं. ती बटाट्यांकडे वळली आणि बोर्गहिल्ड पिंपावरच बसली. दिवसभर ती तिथून फारशी उठली नाही.

शिंगं बिशपची होती. सहा वर्षांपूर्वी सिडारच्या दलदलीकडून हा नर पहिल्यांदा त्यांच्या जंगलातल्या राहत्या केबिनच्या मागं आला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा तो दहा टोकांचा मुकुट बघून बोर्गहिल्डच्या नवऱ्यानं, ओसमुंडनं टोपी काढली होती. "हा आपल्या बिशपपेक्षा रुबाबदार आहे," असं तो म्हणाला, आणि नाव पडलं ते पडलंच. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण बिशपच्या मागावर होता. ओसमुंडचा धाकटा भाऊ तोर्लाइफ यानं तर चुलीच्या वरच्या भिंतीवर एक मोठा खिळा ठोकून ठेवला होता. त्या खिळ्यावर कुणी टोपी अडकवली तरी तो चिडायचा. तो बिशपचा खिळा होता.

गुरुवारी पहाटे बोर्गहिल्डला ती दोन्ही शिंगं बर्फात पडलेली सापडली होती. एक इथं, एक पाच पावलांवर. त्यात नवल काहीच नव्हतं. थंडी मुरली की नर शिंगं टाकतात, वसंतात नवी फुटतात. पण यंदा बिशपनं घाई केली होती. हंगामाचे शेवटचे चार दिवस उरले होते, आणि या चार दिवसांत फक्त बिनशिंगी जनावर मारायची परवानगी होती. तोर्लाइफ, सिग्ने, ड्वेन, तिघांच्याही खिशात हरणीचे परवाने होते. एरवी या चार दिवसांत बिशपला त्याच्या मुकुटानंच वाचवलं असतं. आता बोडक्या डोक्याचा बिशप म्हणजे लांबून दिसणारी एक लठ्ठ हरणी.

एक शब्द बोललं की काम भागलं असतं. "बिशपनं शिंगं टाकलीत, जपून बघा." शिंगं टाकलेला नर हरणी समजून पाडणं यासारखी नामुष्की त्या जंगलात दुसरी नव्हती. सगळ्यांनी डोळ्यांत तेल घातलं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता, "तुला कुठं सापडली?" आणि त्याचं उत्तर बोर्गहिल्डला द्यायचं नव्हतं. कारण ती शिंगं पडली होती एका जुन्या पत्र्याच्या बादलीपाशी, आणि त्या बादलीत गेली तीन वर्षं बोर्गहिल्ड रोज सफरचंदाची सालं टाकत होती.

केबिनच्या दारावर ओसमुंडनं पन्नासेक वर्षांपूर्वी लाल रंगात लिहून ठेवलेलं अजून वाचता येत होतं. जे खाणार नाही ते मारायचं नाही. खायला घालून मारायचं नाही, खायला घालायचंच नाही. चुकलास तर शेपूट.

शेपूट म्हणजे शर्टाचं. नेम चुकला की त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर शर्टाचा मागचा लोंबता भाग कात्रीनं कापायचा, त्याच्यावर नाव, जनावर आणि किती पावलांवरून चुकलं ते लिहायचं, आणि उत्तरेच्या भिंतीवर टाचायचं. भिंत आता चौकटीचौकटीच्या गोधडीसारखी दिसत होती. सिग्नेची चार शेपटं होती. ड्वेनची अकरा. तो मूळचा मिलवॉकी शहरातला, बॉलिंगमध्ये पटाईत. बंदूक हातात आली की त्याला शिंक यायची. ओसमुंडचंही एक शेपूट होतं, एकोणीसशे एकाहत्तरचं, नव्या नवरीसमोर बढाई मारताना चुकलेलं. सबंध घरात बिनशेपटाचे दोनच उरले होते, तोर्लाइफ आणि बोर्गहिल्ड. बोर्गहिल्डची एकतीस हरणं, एकतीस गोळ्या. ओसमुंड गेल्यावर तिनं बंदूक खुंटीला टांगली ती टांगलीच, पण न्यायनिवाडा तिच्याकडेच राहिला. कुणी गोळी झाडली, कुणी खोटं बोललं, जखमी जनावराचा माग कोण किती लांब काढणार, हे सगळं तीच ठरवायची. अशा बाईनं उठून म्हणायचं, की मी रोज बादली भरते?

त्या शुक्रवारी न्याहारीला तोर्लाइफनं प्रवचन सुरू केलं. एकाहत्तरीचा माणूस, पण गळ्यातला आवाज प्रवचनाचाच.

"हंगामाच्या शेवटी शिकार करणं म्हणजे खरी परीक्षा," बटाट्यावर लोणी थापत तो म्हणाला. "जनावर थकलेलं असतं, भुकेलं असतं. अशा वेळी त्याला मारायचं तर आधी बघायचं. दहा श्वास मोजायचे. डोकं बघायचं, मान बघायची, मागं पिल्लू आहे का बघायचं. मग चाप."

"आणि थकलेलं, भुकेलं आहे तर सोडून द्यायचं, असं का नाही?" लिनेआनं विचारलं. सिग्नेची ही पोर मॅडिसनला शिकत होती आणि दोन वर्षांपासून मांस खात नव्हती. हरणांच्या केबिनमध्ये ती मसुराचा डबा घेऊन आली होती.

"सोडलं तर फेब्रुवारीत उपाशी मरतं, पोरी. ते तुला दिसत नाही म्हणून तुझं पोट दुखत नाही."

"पण आजोबा, तुम्ही त्याच्यावर उपकार करायला जाता, असं तोंड करून बसू नका. तुम्हाला सॉसेज आवडतं."

ड्वेन खो खो हसला. तोर्लाइफनं त्याच्याकडे बघितलं. "जावईबापू, अकरा शेपटांच्या माणसानं हसू नये."

"मी सगळ्यात नीतिमान शिकारी आहे, काका," ड्वेन म्हणाला. "माझ्यामुळे आजवर एकही जनावर मेलं नाही."

"वहिनी, तूच सांग हिला," तोर्लाइफ पिंपाकडे वळला. "तू तिथं का बसलीयस?"

"पाठ दुखतेय. पिंप उबदार आहे," बोर्गहिल्ड म्हणाली.

त्या दुपारी सगळे झोपले असताना तिनं एकच काम केलं. तिघांचेही लोकरी आतले कपडे, मोजे आणि शिकारीची केशरी जाकिटं गरम पाण्यात घालून लव्हेंडरच्या साबणानं धुतली आणि चुलीवर वाळवली. साबण गेल्या नाताळात भेट आलेला होता, चार वड्या. तिनं चारही वापरल्या.

शनिवारी संध्याकाळी तिघं परत आले ते नाक फेंदारून.

"काय चाललंय हे?" सिग्ने जाकीट काढत ओरडली. "दलदलीतलं एकही हरीण दोनशे पावलांच्या आत येईना! माझ्या अंगाला लग्नातल्या नवरीसारखा वास येतोय!"

"मला तर मजा वाटली," ड्वेन म्हणाला. "एक खार मात्र जवळ येऊन बसली."

"कुणी धुतले हे कपडे?" तोर्लाइफचा आवाज चढला.

"मी," बोर्गहिल्ड म्हणाली. "तुमच्या मोज्यांना येणारा वास घेऊन ओसमुंडचा आत्मासुद्धा या घरात फिरकला नसता, भावजी. स्वच्छता पाळा जरा."

तोर्लाइफ तिच्याकडे बघत राहिला. पन्नास वर्षं या वहिनीनं त्याला शिकवलं होतं की शिकारीचे कपडे पाइनच्या पाल्यात ठेवायचे, साबण लावायचा नाही. मग त्यानं सफरचंदाच्या केकचा तिसरा तुकडा ताटात घेतला आणि खिडकीतून मागं, झऱ्याच्या दिशेला पाहिलं. बोर्गहिल्डला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

रविवार हा शेवटचा दिवस. जेवणं झाल्यावर सिग्ने दलदलीकडे गेली, ड्वेन रस्त्याच्या बाजूला. तोर्लाइफ म्हणाला, "मी असाच भटकतो." त्यानं ते धुतलेले आतले कपडे घातलेच नव्हते; जाकीट रात्रभर धुराड्यापाशी टांगून साबणाचा वास मारला होता. बोर्गहिल्डनं खिडकीतून बघितलं. असाच भटकणारा माणूस मेपलच्या झाडांचा रस उकळायच्या जुन्या शेडकडे सरळ रेषेत चालला होता. शेडच्या पलीकडे झरा, झऱ्यापाशी बादली.

तिनं केशरी कोट चढवला. आणि काय घ्यावं हे न सुचून एका हातात पळी, दुसऱ्या हातात तवा घेतला.

"आजी, कुठं?" लिनेआनं विचारलं.

"हवा खायला."

"तव्यात?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. शहात्तर वर्षांची बाई गुडघाभर बर्फातून जमेल तेवढी पळाली. वाटेत दोनदा बसली, एकदा आडवी झाली. शेडच्या मागं पोचली तेव्हा तोर्लाइफ तिला पाठमोरा दिसला, एका बुंध्याला टेकून बसलेला. चाळीस पावलांवर बादली, आणि बादलीत डोकं घालून बिशप. नेहमीसारखा मन लावून खात होता. डोकं बादलीत असल्यावर शिंगं आहेत की नाहीत कुणाला दिसणार? तोर्लाइफनं बंदूक खांद्याला लावली.

बोर्गहिल्डनं श्वास मोजले. एक. दोन.

तीन म्हणायच्या आत त्याचा खांदा आवळलेला तिला दिसला आणि तिनं पळी तव्यावर हाणली.

ठण्ण! धाड! बादली उडाली, हवेत दोनदा फिरली आणि खाली पडली. बिशपनं मान वर केली. कपाळावर शिंगांच्या जागी दोन लालसर चट्टे, तोंडातून लोंबणारं एक लांबलचक साल. तो दोघांकडे बघत क्षणभर उभा राहिला, जसं काही चर्चमध्ये कुणाचं पोट वाजलं. मग पांढरी शेपटी उडवत झऱ्यावरून पार झाला.

"वहिनी!" तोर्लाइफ उठला, बर्फात बसला, पुन्हा उठला. "मेलो असतो मी! छाती फुटली असती!"

"भावजी, डोकं बघितलंत का त्याचं?"

"कुणाचं डोकं? हरणी होती ती! चांगली लठ्ठ..." तो थांबला. त्यानं झऱ्यापलीकडे बघितलं, जिथून ती रुंद पाठ झाडांत दिसेनाशी होत होती. ती चाल सहा वर्षं त्यानं दुर्बिणीतून बघितली होती. "बिशप?" तो हळू म्हणाला. "टकला झाला?"

"गुरुवारीच झाला."

"तुला कसं माहीत?"

"आणि भावजी," बोर्गहिल्ड धापा टाकत म्हणाली, "तुम्ही इथं कसे बसलात?"

दोघांनीही एकदम बादलीकडे बघितलं. बादलीच्या मधोमध गोळीचं स्वच्छ भोक होतं, आणि आजूबाजूला बर्फावर सालं पसरली होती. खायला घालणारी एक, खायला घातलेल्या जागी दबा धरून बसलेला एक.

"काल माग काढताना सालं दिसली," तोर्लाइफ बुटांकडे बघत म्हणाला. "म्हटलं, जावयाचं काम असेल. म्हटलं, घातलंय कुणीतरी तर घातलंय. चाळीस वर्षं न चुकता चाललंय माझं, वहिनी, पण यंदा हात थरथरतात. लांबून जमत नाही. म्हटलं, जवळून एक मिळालं तर... तेवढंच. रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं."

"दहा श्वास?"

"दोन झाले," तो म्हणाला. "तिसरा घेतला असता तर खाली ठेवली असती बंदूक, असं म्हणतो मी. पण खरं मलाच माहीत नाही."

परत जाताना वाटेत त्यांनी कट केला. तोर्लाइफ म्हणणार होता, हरणी होती, साठ पावलं, चुकलो. शेपूट देऊन टाकायचं. बादली, सालं, बिशप, काहीच नाही. "माझं एक शेपूट गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "तुझं नाव राहू दे. या घरात कुणीतरी एक सरळ राहिलं पाहिजे."

दारातच ड्वेन उभा होता, हातात कात्री. गोळीचा आवाज ऐकून तो रस्त्यावरून धावत आला होता; सिग्नेही दलदलीकडून येऊन आत बूट काढत होती. त्याचा चेहरा नाताळच्या झाडासारखा उजळला होता.

"मिळालं की चुकलं, काका?"

"चुकलं," तोर्लाइफ म्हणाला. "हरणी. साठ पावलं."

"सिग्ने! ये लवकर! तोर्लाइफकाका चुकले! तोर्लाइफकाका!" ड्वेननं डोळे पुसले. खरंच पुसले. "बावीस वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय."

तोर्लाइफनं शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला आणि पाठ फिरवली. ड्वेननं कात्री उघडली. बोर्गहिल्डला वाटलं, आता गप्प बसायचं. एवढंच करायचं आहे, गप्प बसायचं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लिनेआ आली. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेली, आणि दोन्ही हातांत पांढरीफेक शिंगं.

"मी लेफ्से करणार होते," ती म्हणाली. "आजी, तुझे थंडीचे किडे बरेच मोठे आहेत."

कुणी हसलं नाही. सिग्ने शिंगांकडे बघत होती, आईकडे बघत होती, पुन्हा शिंगांकडे.

"आई, ही बिशपची आहेत."

"हो."

"तुला कुठं सापडली?"

तो प्रश्न आला होता. बोर्गहिल्ड खुर्चीत बसली. पिंपावर नाही, खुर्चीत.

"बादलीपाशी. मी त्याला सफरचंदाची सालं घालते. तीन वर्षं झाली. आणि भावजी चुकले नाहीत, मी तवा वाजवला. आणि हरणी नव्हती, बिशप होता. आणि साठ नाही, चाळीस पावलं. कुठे होते ते त्यांनीच सांगावं."

"सालांवर बसलो होतो," तोर्लाइफ भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

चुलीत एक लाकूड फुटलं. मग ड्वेननं हात वर केला.

"थांबा. सफरचंदाची सालं. म्हणजे तीन वर्षं आपण सकाळ-संध्याकाळ जो सफरचंदाचा केक खातोय..."

"सालं हवी होती," बोर्गहिल्ड म्हणाली. "आतलं कुठं टाकायचं?"

"हे पोट!" ड्वेननं शर्ट वर केला. "हे बिशपचं पोट आहे! डॉक्टरांना मी सांगत होतो, मी बिअर सोडलीय!"

आता मात्र सिग्ने हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "पण का, आई? तू? मी आठ वर्षांची असताना चिमण्यांना पाव टाकला म्हणून तू मला हा दरवाजा वाचायला लावला होतास."

"बाबांनी सुरू केलं," बोर्गहिल्ड म्हणाली. "शेवटच्या हिवाळ्यात. नाकात नळी, पाय चालत नव्हते. त्या मागच्या खिडकीपाशी बसून असायचे. एक दिवस म्हणाले, 'मला तो एकदा बघायचाय. सालं टाक.' मी म्हटलं, दारावर काय लिहिलंय? तर म्हणाले, 'लिहिलं मी, मोडतोही मीच. कुणाला सांगू नकोस.' मग तो रोज यायचा. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशीही आला. मी काय त्याला सांगणार होते, की आता येऊ नकोस?" तिनं मागच्या खिडकीकडे बघितलं. "फक्त खिडकीतून दिसू नये म्हणून बादली झऱ्यापाशी नेली."

तोर्लाइफनं मान वळवली. ओसमुंडनं नियम मोडला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेला.

"आजी," लिनेआ हळूच म्हणाली, "एका बादलीत दहा हरणं तोंड घालतात. एकाला रोग असला की सगळ्यांना लागतो. सरकारची बंदी त्यासाठीच आहे. आणि आज तो मरणारही होता, बादलीमुळेच."

"मांस न खाणाऱ्यांनी बोलू नये," तोर्लाइफ सवयीनं म्हणाला.

"बोलू दे तिला," बोर्गहिल्ड म्हणाली. "तीच बरोबर आहे. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत आहे." तिनं ड्वेनच्या हातातली कात्री घेऊन नातीच्या हातात दिली. "यंदा निवाडा तू कर. माझा आता नको."

लिनेआनं आधी तोर्लाइफचं शेपूट कापलं. मग आजीच्या फ्लॅनेलच्या शर्टाचं, जरा जपून. मग ओसमुंडचा एखादा शर्ट मिळतो का म्हणून ती इकडेतिकडे बघू लागली. बोर्गहिल्ड उठली, दारामागच्या खुंटीवर तीन वर्षं टांगलेला लाल चौकड्यांचा शर्ट तिनं काढला, नाकाशी नेला, आणि कात्री मागून घेतली. तो तिनं स्वतःच कापला. सरळ नाही आला.

तोर्लाइफच्या तुकड्यावर त्यानंच लिहिलं: तोर्लाइफ, बिशप, चाळीस पावलं, दोन श्वास. बोर्गहिल्डनं स्वतःच्या आणि ओसमुंडच्या तुकड्यावर एकच शब्द लिहिला, सालं, आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी टाचले. एकाहत्तर सालच्या त्याच्या जुन्या शेपटाखाली बरोबर जागा होती. शिंगं चुलीवरच्या मोठ्या खिळ्याला बांधली. थोड्या वेळानं तोर्लाइफनंच ती सरळ केली.

"या वर्षी माझं एकही शेपूट नाही," ड्वेन भिंतीसमोर उभा राहून म्हणाला. "कुणाच्या लक्षात आलंय का?"

"तू गोळीच झाडली नाहीस," सिग्ने म्हणाली.

संध्याकाळी, उजेड संपायच्या बेतात असताना, मागच्या बाजूला काहीतरी हललं. सगळे खिडकीपाशी आले. बिशप मागच्या अंगणात उभा होता. लिनेआनं झऱ्यापासून उचलून आणलेल्या, भोक पडलेल्या बादलीत त्यानं नाक घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग केबिनकडे बघत उभा राहिला. बोर्गहिल्ड खिडकीपाशीच थांबली, तो दलदलीकडे जाईपर्यंत. मग पुढची टोपली ओढून सफरचंदं चिरायला बसली.

जेवताना तोर्लाइफनं केकचा घास घेतला, चावला, आणि दातांत काहीतरी अडकल्यासारखा थांबला.

"वहिनी, यात सालं आहेत."

"आहेत," बोर्गहिल्ड म्हणाली. "गपचूप खा."